काटाबाईंचा आवाज

बाईंचा आवाज मोठा. शाळेच्या फाटकाशी गाडीतून उतरून त्यांनी "काटा जपून काढा हो" म्हटलं, की तिसऱ्या मजल्यावरची पोरं खिडकीशी गोळा व्हायची. आरोग्य खात्याच्या नोकरीत बाई बावीस वर्षं शाळा-शाळांतून फिरत होत्या. मुलांची वजनं-उंच्या घ्यायच्या, स्वतः शिवलेली कापडी गाजरं नि कापडी मासे टेबलावर मांडून काय रोज खावं, काय कधीमधी, ते सांगायच्या, आणि मग सगळ्यांना पटांगणात पिटाळून दोरीच्या उड्या मारायला लावायच्या. पोरं त्यांना काटाबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

जोडीला गाडीचे ड्रायव्हर, सगळ्यांचे काका. गाडी उभी केली की काका टेबलाशी वही उघडून बसत. बाई काट्यावरचा आकडा वाचणार, काका लिहिणार. आता काकांचे कान पहिल्यापासून कच्चे. त्यामुळे बाई आकडा असा ओरडत, की शेजारच्या वर्गालाही तो पाठ व्हावा. त्यात कुणाचं काही बिघडत नाही असं बाईंना वाटायचं, आणि बाईंना एकदा वाटलं की वाटलं.

त्या वर्षी एका शाळेत पाचवीला शिंप्याची मुलगी होती. गोबरी, दोन वेण्यांची, आणि दोरी हातात घेतली की थांबायचं नाव नाही. न अडखळता ऐंशी उड्या. पहिल्या फेरीला ती काट्यावर उभी राहिली आणि बाई ओरडल्या, "सेहेचाळीस किलो दोनशे! लिहिलं का, काका?" मागून कुणीतरी म्हणालं, "काटा मोडला." वर्ग हसला. बाईंनी पोरांना दटावलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं. दिवसाला दोनशे पोरं, कुणाकुणाचं तोंड बघत बसणार?

दोन महिन्यांनी दुसरी फेरी. मुलगी त्रेचाळीस भरली. बाईंना कोण आनंद! इतकी वर्षं घसा फोडून सांगितलेलं अखेर कुणीतरी मनावर घेतलं होतं. त्यांनी मुलीला काट्यावर तशीच उभी ठेवून वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. "बघा, ठरवलं की होतं," म्हणाल्या. मुलगी हसली. ते हसू बाईंना पुढे कितीतरी दिवस पुरलं.

तिसऱ्या फेरीला अडतीस. दहा वर्षांच्या वाढत्या पोरीचं वजन चार महिन्यांत आठ किलोंनी उतरतं, तेव्हा पहिल्यांदा शंका यावी ती बाईंना. त्याचाच तर त्या पगार घेत होत्या. पण उचलली जीभ आणि "शाब्बास" म्हणून गेल्या. टाळ्या झाल्या. मग पटांगणात मुलीनं दोरी घेतली आणि बाराव्या उडीला ती खालीच बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली.

शिंपी दुकानातून धावत आला, गळ्यातली टेप गळ्यातच. मुलीला जवळ घेऊन त्यानं साखरपाणी पाजलं आणि मग बाईंना बाजूला घेतलं.

"बाई, राग मानू नका. ही डबा वाटून टाकते आणि घरी पोट दुखतं म्हणते. हिची आई रडकुंडीला आलीय. विचारलं तर म्हणते, कमी भरलं की बाई टाळ्या वाजवायला लावतात."

बाईंना कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्यांनी बापलेकीला गाडीत बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला घेतलं, दर आठवड्याला दाखवायला सांगितलं, आणि वजन आता याखाली गेलं तर मुलीला दाखल करावं लागेल म्हणाल्या.

बापलेकीला घरी सोडून परतताना बाई म्हणाल्या, "तुमच्या कानांपायी मी ओरडत राहिले हो, काका."

काकांनी गिअर बदलला. "मला नीट ऐकू येतं, बाई. लेकीनं यंत्र घेऊन दिलंय, त्याला सहा वर्षं झाली."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि पुढचा आकडा ओरडलात."

बाईंनी तिथंच कानाला खडा लावला.

रविवारी त्या शिंप्याच्या घरी गेल्या. दुकानामागच्या दोन खोल्या. कापड बेतायच्या टेबलावरच पानं मांडलेली. भात, अंडं, उकडलेला बटाटा. मुलीनं एक घास घेतला आणि मान वर करून बाईंचा चेहरा बघितला. दुसरा घास घेतला, पुन्हा बघितलं. पास की नापास, एवढंच ती विचारत होती. बाईंनी हातातला घास पानात ठेवला.

"मी चुकले," त्या म्हणाल्या. "तुझा आकडा चारचौघांत सांगितला, ती चूक. टाळ्या वाजवायला लावल्या, ती त्याहून मोठी. तुझं काही चुकलेलं नाही. तुझं वय वाढीचं आहे, वजनसुद्धा वाढायलाच हवं."

"मग वाढलं की तुम्ही ओरडणार?"

"नाही."

मुलीनं अर्धं पान तसंच ठेवलं. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि का बसावा?

पुढच्या फेरीपासून काटा शाळेच्या सामानाच्या खोलीत गेला. दार लोटलेलं, एकेका मुलानं आत यायचं, आकडा बाईच लिहिणार. काकांना पटांगणात उड्या मोजायला बसवलं. शिंप्याची मुलगी आत आली, बूट काढले, काट्यावर चढली. काटा एकोणचाळीसच्या पुढे जाऊन थांबला. बाईंच्या पोटातून आनंद असा उसळून आला की "शाब्बास" अगदी जिभेवर आलं. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि आकडा वहीत लिहिला.

मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिथं टाळी नव्हती नि रागही नव्हता.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. जा."

तिनं बूट चढवले. "मी आधी डबा खाते, मग उड्या मारते. भूक लागलीय," असं म्हणून ती निघून गेली.

बाईंनी पुढच्या मुलाला जरा थांबायला सांगितलं, दार लावून घेतलं, आणि रुमाल तोंडाशी धरून त्या रडल्या. अजिबात आवाज न करता.