त्याचे लाल डोळे

चूक माझीच होती, हे आधी लिहितो.

"मला कुठं घाई आहे? तू जा पुढं," असं म्हणत रानशेतजवळच्या आमच्या आरोग्य उपकेंद्रात तो रांगेतल्या सगळ्यांना पुढे सोडायचा. घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं. बायको गेलेली, मूलबाळ नाही. तलासरीला एक बहीण. अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. ती शेवटी उरतात, म्हणून त्यांच्या वाट्याला आपलं लक्षही उरलंसुरलंच येतं.

बांधातले उंदीर काढावेत तर त्यानेच. बिळाच्या एका तोंडाला धूर द्यायचा आणि दुसऱ्या तोंडाशी उघडे हात धरून बसायचा. मी हातमोजे दिले तर हसला. "डॉक्टर, हे घातल्यावर उंदीर हाताला कळणार कसा?" मी साधा आरोग्यसेवक, पण तो डॉक्टरच म्हणायचा. माझ्या क्वार्टरमागची बिळंही त्यानेच खणली, घोटाभर पाण्यात उभं राहून. मी खिडकीतून चहा दिला.

आठवड्याभराने तो उपकेंद्रात आला. आवणीचे दिवस, भात लावून प्रत्येकाचेच पाय दुखत होते. गोळ्या घेऊन झालेल्या वाडीतल्या बाया ओट्यावर टेकल्या होत्या. तो सगळ्यांत शेवटी.

"ताप आहे. पोटऱ्या लय दुखतात."

"आवणी केलीस ना? दुखणारच." त्याचे डोळे लालभडक होते. "आणि ताडी जरा कमी कर."

बाया हसल्या. तोही हसला आणि गोळ्या घेऊन गेला.

चौथ्या दिवशी अंग पिवळं पडलं, लघवी बंद झाली. डहाणूला नेलं, पण तो वाचला नाही. रक्ताचा रिपोर्ट नंतर आला: लेप्टो. उंदराच्या लघवीतून पाण्यात, पाण्यातून पायाच्या चिरांत. ताप, पोटऱ्या, लाल डोळे. पावसाळाभर मी हेच लोकांना तक्त्यावरून वाचून दाखवत होतो.

वाडीत मात्र 'ताडीनं गेला' असंच ठरलं. दहाव्याला बहीण आली. "त्यानं कधी तोंडाला लावली नव्हती हो," असं ती एकेकाला सांगत होती. खरं मला माहीत होतं, तरी मी मान खाली घालून घरी आलो.

दिवाळीनंतर ती त्याचं घर आवरायला आली, तेव्हा गेलो. दारात त्याच बाया होत्या.

"ताई," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तो प्यायला नव्हता. डोळे आजारानं लाल झाले होते. मी त्याला हात लावूनसुद्धा पाहिलं नाही. ताडीची गोष्ट माझ्या तोंडून निघाली, आणि ती खोटी होती. मला माफ करा."