एक वॅक्यूम, दोन ब्रश आणि वन्सं

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. कार्पेटातल्या धुळीसारखे ते आपोआप साचत जातात!

लग्नकार्यात कोणी विचारतं, "तुम्ही काय करता?" मी म्हणते, "ऑफिसांमधली कार्पेटं साफ करतो." बाई "हो का?" म्हणते आणि ताट घेऊन दुसरीकडे बसायला बघते. मग वन्सं एक किस्सा सांगतात. बाई थांबते. दुसरा सांगतात. बाई बसते. तिसऱ्या किश्श्याला तिच्या ताटातली पुरी पार गार झालेली असते.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, शैलाताई. जन्मभर बालवाडीच्या बाई होत्या, त्यामुळे समोर मॅनेजर असो की डॉक्टर, त्या त्याच्याशी चार वर्षांच्या मुलासारखंच बोलतात. त्या रिटायर झाल्या त्याच सुमारास मी ज्या ऑफिसात होते ते बंद पडलं. सामान विकताना साहेबांनी जुना वॅक्यूम क्लीनर मलाच देऊन टाकला. मी तो बडोद्यातल्या समा भागातल्या आमच्या फ्लॅटवर आणला. वन्संनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माधवी, हा रडत बसणार नाहीये. तूही बसू नकोस."

झालं! दोन ब्रश घेतले, झाडांवर औषध मारायचा पंप घेतला, घरातल्या जुन्या सुती चादरी काढल्या. मोठ्या कंपन्यांकडे गरम पाण्याची मशीनं असतात. आमच्याकडे वन्सं आहेत.

* * *

पहिलं काम बडोद्याजवळच्या पादरा गावात मिळालं, माझ्या मावसभावाच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात. आम्हाला वाटलं, जितका साबण जास्त तितकी सफाई जास्त. घरची कपड्यांची पावडर बादलीत ओतली आणि घासत सुटलो. फेस काय आला, वा! वाळल्यावर कार्पेट दिसायलाही छान दिसलं.

दुसऱ्या दिवशी जरा पाऊस झाला. गिऱ्हाइकं ओल्या चपलांनी आत आली आणि पावलागणिक फेस यायला लागला! एक काका तिकीट काढायला काउंटरपर्यंत गेले, तर मागे पांढरी पावलं उमटलेली.

मावसभावाचा फोन आला. "माधवी, साबण किती टाकला होतास?"

"का रे?"

"काही नाही. द्वारकेच्या यात्रेचं बुकिंग करायला आलेत लोक. त्यांचे पाय इथेच धुऊन निघाले!"

तेव्हापासून साबण चमच्याने मोजून घालतो.

* * *

एका सीएच्या ऑफिसात कामाची चौकशी करायला गेलो. सीए भारी चिवट. "बेन, कार्पेट साफच आहे. खर्चात करकसर चालू आहे, पुढच्या वर्षी बघू."

वन्संना "साफच आहे" हे सहन झालं नाही. "बाळ, नुसतं दाखवते हं," असं त्याला म्हणून त्यांनी पंप मारला, ब्रश फिरवला, फडक्याने टिपलं. फुकटात! पण जागा निवडली ती बरोबर मधली, त्याच्या टेबलासमोरची. राखाडी कार्पेटात ताटाएवढा निळाशार गोल उगवला. कार्पेट मुळात निळं होतं हे त्यालाही माहीत नव्हतं.

"सरस," तो म्हणाला. "पण पुढच्या वर्षी."

आम्ही निघून आलो. आठवडाही झाला नसेल, त्याचा फोन! आवाज वैतागलेला.

"बेन, जो येतो तो विचारतो, इथे काय सांडलं? तुम्ही तो निळा डाग काढून द्या!"

"तो डाग नाही, साहेब," मी म्हटलं. "बाकी सगळा डाग आहे."

दुसऱ्याच दिवशी सगळा डाग काढून दिला.

* * *

कोचिंग क्लासच्या कार्पेटात च्युइंगगम असणारच. पोरं फिजिक्स विसरतील, गम चिकटवायला विसरत नाहीत! गमवर बर्फ धरायचा, तो कडक झाला की खरवडून काढायचा. क्लासमध्ये फ्रिज नव्हता. खाली बर्फाच्या गोळ्याची गाडी होती. मी गेले.

"भैया, बर्फ द्या. नुसता."

"नुसता? सरबत नको?"

"नको. कार्पेटवर लावायचाय."

त्याने मशीन थांबवलं. अगदी कळवळून म्हणाला, "मग कालाखट्टा तर टाकूच नका, बेन. डाघ पडशे!"

* * *

एका विम्याच्या ऑफिसात चहाचा मोठा डाग होता. काढला. साहेब खूश, आम्ही खूश. सकाळी फोन, डाग परत आलाय. गेलो, काढला. सकाळी परत फोन!

साहेबांना खात्री, की स्टाफपैकी कोणीतरी मुद्दाम तिथेच चहा ओततंय. त्यांनी हॉलमध्ये चहा बंद केला. बडोद्याच्या ऑफिसात चहा बंद, म्हणजे काय! लोक लिफ्टपाशी, जिन्यात, पार्किंगमध्ये लपूनछपून चहा प्यायला लागले. कॅशियर आणि टायपिस्ट एकमेकांकडे संशयाने बघायला लागले. आम्ही रोज संध्याकाळी डाग काढायचो, तरी तो सकाळी हजर!

शेवटी वन्संनी कार्पेटचा कोपरा उचलून खाली बघितलं. चहा पार तळापर्यंत मुरलेला. आम्ही वरून पाणी मारत होतो, आणि ते वाळताना तळातला चहा धाग्यांवरून चढून वर येत होता. सांडत कोणीच नव्हतं. डाग आम्हीच रोज वर आणत होतो!

वन्संनी कोरड्या चादरीची घडी डागावर ठेवली, वर पॉलिसीच्या फायलींचा ढीग रचला आणि रात्रभर तसंच ठेवायला सांगितलं. सकाळी चहा चादरीत, कार्पेट स्वच्छ.

साहेब जरा ओशाळले. हॉलमध्ये येऊन त्यांनी घसा खाकरला. सगळे उभे राहिले.

"गुनेगार मळी गयो," ते म्हणाले. "चा मंगावो!"

* * *

आमचं भांडण एकदाच झालं, पण कडाक्याचं. दातांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काम किती वेळात होईल. मी सहज बोलून गेले, "जरा वेळ लागेल, वन्संना आता फारसं वाकवत नाही."

वन्संनी ऐकलं.  माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि गुडघ्यांवर बसून घासायला लागल्या. मी म्हटलं, "वन्सं, मी घेते ना." त्यांनी ब्रश आणखी जोरात चालवला. रिसेप्शनवरच्या जयश्रीबेनकडे बघून म्हणाल्या, "तिला सांगा, पाणी आण."

मग काय, सगळा कारभार जयश्रीबेनमार्फत! "माधवीबेन, पाणी." "शैलाबेन, हे पाणी." "माधवीबेन, एवढं नको म्हणतात." बिचारी एका हाताने अपॉइंटमेंटचे फोन घेत होती. शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "एमने खोटुं लाग्युं छे." म्हणजे त्यांना वाईट वाटलंय. ते काय मला दिसत नव्हतं? जिभेला हाड नाही माझ्या, असं मनात म्हणत मी फडकी पिळत राहिले.

वन्संनी एकटीने अख्खी वेटिंग रूम घासली. कोपऱ्यापर्यंत पोचल्या, ब्रश ठेवला. मग बराच वेळ तिथेच बसून राहिल्या. जयश्रीबेनने माझ्याकडे बघितलं. मी वन्संकडे बघितलं. वन्संनी भिंतीकडे बघितलं.

शेवटी दिवसभरातलं पहिलं वाक्य माझ्याशी बोलल्या.

"बघतेस काय? हात दे!"

* * *

आणि हा एका ट्रस्टच्या हॉलचा. संध्याकाळी बक्षीस समारंभ होता. मॅनेजर कनुभाईंनी आधीच बजावलं होतं, काम पसंत पडलं तर वर्षभराचं काम तुम्हाला. असं बांधलेलं काम आम्हाला तोवर मिळालं नव्हतं. नवरात्राच्या आधीचे दिवस, बाहेर दमट, कुंद हवा. दुपारी आम्ही शेवटचं पाणी मारलं आणि लाइट गेली.

पंखे बंद. वॅक्यूम बंद. एवढं मोठं लाल नायलॉनचं कार्पेट, ओलं गच्च!

कनुभाई आले, पाऊल टाकलं, मोजा भिजला. "बेन, आ शुं?" त्यांचा चेहरा रडवेला झाला. "पाहुणे येतील. ओल्या कार्पेटवरून चालवू त्यांना?"

 वर्षभराचं काम तर गेलंच, वर गावभर नाव होणार. वन्संनी चादरी पसरल्या. नायलॉन पाणी पीत नाही, पाणी धाग्यांच्या मध्ये अडकतं, वरून दाब दिला की चादरीत येतं. आम्ही दोघी चादरींवर थयथय नाचायला लागलो. पण चार पायांनी हॉल कधी वाळायचा?

तेवढ्यात जिन्यावरून बायकांचा घोळका खाली आला. वरच्या मजल्यावर गरब्याचा क्लास होता. लाइट गेली, म्युझिक बंद पडलं, म्हणून लवकर सुटलेल्या.

वन्सं दारात आडव्या उभ्या राहिल्या. "कुठे निघालात?"

"घरे, बेन. म्युझिक नथी."

"का? तोंडं नाहीत तुम्हाला? चला, चपला काढा आणि आत या. या चादरींवर गोल करायचा!"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एक जाडजूड काकी खो खो हसत पहिली आत आली. कोणीतरी गाणं धरलं, टाळी पडली आणि गोल फिरायला लागला. काय पाय आपटत होत्या! मी मधेमधे घुसून भिजलेल्या चादरी ओढायची, व्हरांड्यात पिळायची, पुन्हा पसरायची. वन्सं गोलाच्या आत उभ्या राहून ओरडत होत्या, "स्टेजकडे सरका! तिकडे अजून ओलं आहे!" कनुभाई दारात डोकं धरून बसले होते.

गरबा ऐन रंगात आला होता आणि प्रमुख पाहुणे आले. वेळेच्या कितीतरी आधी! सूट, टाय, मागे ड्रायव्हर. कनुभाई धडपडत उठले, हात जोडले. 

पाहुण्यांनी आत बघितलं. चादरींवर गोल फिरणाऱ्या बायका, मध्ये हातवारे करणाऱ्या वन्सं, पिळलेली चादर खांद्यावर टाकून उभी मी.

"आ शुं चाले छे?" त्यांनी विचारलं.

वन्संनी टाळीचा ठेका न सोडता मान वळवली.

"कार्पेट वाळतंय!"

पाहुण्यांनी कोट काढून ड्रायव्हरच्या हातात दिला. मग खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.