माहेर पाडण्याचा बुधवार

इस्पितळाच्या तळमजल्यावर, औषधांच्या कोठारामागे एक खोली आहे. बाहेर कितीही उकडत असो, आत शाल पांघरल्याशिवाय बसवत नाही. या खोलीत ताईंनी एकोणीस वर्षं काढली. इतर बायका साड्या जमवतात, ताईंनी शाली जमवल्या.

ताईंचं काम सांगायला सोपं. वरच्या मजल्यावर नोंदणीच्या सहा खिडक्या. खिडकीवर माणूस येतो, नाव सांगतो, वय सांगतो, दुखणं सांगतो, मध्येच चष्मा शोधतो, आणि त्याचा अर्ज संगणकात भरला जातो. हा सगळा कारभार सांभाळणारे सर्व्हर खालच्या गार खोलीत. अर्ज अर्धा झाला असताना सर्व्हर पडला, तर खिडकीवर ‘पुन्हा लॉगिन करा’ अशी पाटी येते आणि त्या बिचाऱ्याला आपलं दुखणं पहिल्यापासून सांगावं लागतं. ताईंना या पाटीची भारी चीड. ‘आजारी माणसाला दोनदा कण्हायला लावायचं म्हणजे काय!’ असं त्या म्हणत.

म्हणून ताईंनी चार सर्व्हरांचा एक गट बांधला होता. खोलीत दोन मोठी मशिनं, प्रत्येकावर दोन सर्व्हर. पहिल्या मशिनाचं नाव माहेर, दुसऱ्याचं सासर. माहेरी थोरली आणि धाकटी या दोघी बहिणी, सासरी मोठी आणि लहान अशा दोन जावा. ही नावं ताईंनी गमतीनं ठेवली होती, पण साहेबांच्या अधिकृत तक्त्यातही तीच चढली. ‘आज सासरचा पंखा बदलायचा आहे’ असं पत्र खरेदी विभागाला गेलं, तेव्हा तिकडची माणसं दोन दिवस हसत होती.

गटातल्या प्रत्येक सर्व्हरला एक जोडीदारीण नेमून दिलेली. थोरलीकडच्या प्रत्येक अर्ध्या अर्जाची नक्कल तिच्या जोडीदारणीकडे आपोआप जायची. थोरली पडली तर जोडीदारीण तिथूनच काम पुढे उचलणार, आणि खिडकीवरच्या माणसाला त्याचा पत्ताही लागणार नाही. दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीआधी ताई कुणाला न सांगता चौघींतली एक बंद पाडून बघत. काम चालू राहिलं की डबा उघडायचा, असा त्यांचा नेम. तीन वर्षांत डबा एकदाही उशिरा उघडला नव्हता, आणि याचा ताईंना जरा जास्तच अभिमान होता.

त्यांच्या हाताखाली एक चाळिशीचा गृहस्थ होता. त्याला सगळे हो-ताई म्हणत, कारण ताई काहीही म्हणाल्या तरी त्याचं उत्तर ठरलेलं. ‘ही वायर जुनी झाली.’ ‘हो ताई.’ ‘नाही रे, चांगली आहे.’ ‘हो ताई.’ असल्या माणसाच्या भरवशावर खोली कशी सोडायची? म्हणून ताईंनी अकरा वर्षांत सलग तीन दिवसांची रजा घेतली नव्हती. घरच्या कार्यातसुद्धा त्या एका कानाला फोन लावून उभ्या असत.

आता मात्र पोटची पोर अडून बसली होती. ती दूरच्या शहरात, दिवस भरत आलेले. ताईंचे यजमान आठवडाभर आधीच तिच्याकडे पोचले होते. मुलीनं फोनवर स्पष्ट सांगितलं, “आई, येणार असशील तर तो फोन तिकडे ठेवून ये. माझ्या बाळाला पाहताना तू कुणाला पासवर्ड सांगत बसलीस, तर मी दार लावून घेईन.”

ताईंनी तीन आठवड्यांच्या रजेचा अर्ज टाकला. साहेब माणूस सज्जन, पण सावध. ते म्हणाले, “ताई, मी नाही कुठे म्हणतोय? पण तुमच्याशिवाय चालतं हे एकदा दिसू दे. बुधवारी तुम्ही घरी राहा. अकरा वाजता, खिडक्यांवर गर्दी असताना, आपण काहीतरी पाडू. एकही पाटी दिसता कामा नये. आणि तुमचा एक जरी फोन आला, तर रजा विसरा.”

ताईंच्या नाकावरचा राग उसळला. “काहीतरी कशाला? अख्खं माहेर पाडा!”

“हो ताई,” हो-ताई मागून म्हणाला. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.

बुधवारी सकाळी साडेनऊला ताई दूध आणायला खाली उतरल्या आणि परत आल्या, तर वाऱ्यानं दार बंद झालेलं. त्यांची चावी आत, दाराशेजारच्या खिळ्यावर. आणि घरातली दुसरी चावी, यजमान जाताना ठेवून गेलेली, तीही त्याच खिळ्यावर. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्यात फोन. ताई एकवेळ पदर विसरतील, फोन नाही.

आता समोरच्या इमारतीत राहणाऱ्या जाऊबाईंकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गेलं वर्षभर दोघींचं बोलणं बंद होतं, शिट्टीशिवाय परत आलेल्या एका कुकरवरून. ताईंनी मान खाली घालून बेल वाजवली. जाऊबाईंनी दार उघडलं, दुधाची पिशवी पाहिली, आणि काही न विचारता भिंतीवरच्या खुंटीवरून एक चावी काढली.

“ही तुमच्याकडे कशी?” ताई थक्क झाल्या.

“भावोजींनी तिसरी करवून दिलीय, तीन वर्षं झाली. म्हणाले, आमच्या दोन्ही चाव्या एकाच घरात असतात, एक बाहेर असलेली बरी. तुला सांगू नका म्हणाले होते. तू कुणावर विश्वास टाकतेस होय?”

ताईंनी चावीसाठी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला.

दोन्ही चाव्या एकाच घरात! त्यांनी थोरलीची जोडीदारीण धाकटी नेमली होती. जावांवर कोण विसंबणार म्हणून बहिणीला बहीण दिली होती, जावेला जाऊ. दर बुधवारी एकटी थोरली पडायची, धाकटी सावरायची, आणि ताई डबा उघडायच्या. पण आज अख्खं माहेर पडणार होतं. दोघी बहिणी एकदम जाणार, अर्जही जाणार आणि नकलाही जाणार. थोरलीच्या नकला सासरच्या जावेकडे ठेवायला हव्या होत्या, ही साधी गोष्ट त्यांना तीन वर्षं दिसली नव्हती.

घड्याळात दहाला दहा कमी. फोन करावा तर रजा गेली. न करावा तर वर खिडक्यांवर निम्मी माणसं पुन्हा पहिल्यापासून कण्हणार, आणि रजा जायची ती जाणारच. ताईंना मुलीचा आवाज आठवला, डोळे भरून आले. मग त्यांनी डोळे पुसले आणि गार खोलीचा नंबर लावला. आजारी माणसांना कुणाच्या बाळंतपणासाठी वेठीला धरायचं नसतं, एवढं त्यांना पक्कं कळत होतं.

“ऐक,” त्या भराभर बोलू लागल्या, “माझी चूक झालीय. जोड्या चुकल्यात. माहेर पाडू नका, आधी थोरलीची जोडी सासरी—”

“नाही, ताई.”

ताईंना वाटलं नंबर चुकला.

“नाही ताई,” हो-ताई पुन्हा म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. “जोड्या मी सोमवारीच बदलल्यात. थोरलीची मोठ्या जावेशी, धाकटीची लहान जावेशी. काल दुपारी दोन्ही मशिनं पाळीपाळीनं पाडूनही पाहिली. तुम्ही वर बैठकीला होतात.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात. मग मी हो ताई म्हणालो असतो. आता फोन ठेवा. तुम्ही आज रजेवर आहात.”

आणि त्यानं खरोखरच ठेवून दिला. एकोणीस वर्षांत ताईंचा फोन कुणी असा ठेवला नव्हता. त्यांना राग आला, हायसं वाटलं आणि कुठेतरी जरा खुपलंही. आपल्यावाचून चालतं, हे ऐकायला माणूस नाही म्हटलं तरी तयार नसतो.

“बस अशी,” जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी ताईंच्याच पिशवीतलं दूध घालून चहा टाकला. दोघी घड्याळाकडे बघत बसल्या. अकरा वाजले. अकरा पाच. जाऊबाईंना यातलं अवाक्षर कळत नव्हतं, पण त्याही नखं खाऊ लागल्या. ओळखीच्या माणसाचा जीव टांगणीला लागला की बघणाऱ्याचाही लागतो.

अकरा वीसला फोन वाजला. साहेब होते.

“माहेर पडलं, ताई. सहाही खिडक्या चालू. चार नंबरला एक आजोबा आपल्या गुडघ्याची हकिकत सांगत होते, ती अजून चालू आहे.”

ताईंचा जीव भांड्यात पडला. पण लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. “साहेब, मी फोन केला होता.”

“ठाऊक आहे. मी त्याच्या शेजारीच उभा होतो.” साहेब हसले. “त्यानं तुम्हाला नाही म्हटलेलं ऐकलं आणि तिथेच तुमच्या अर्जावर सही केली.”

संध्याकाळी ताईंनी कामाचा फोन हो-ताईच्या हातात दिला. घराची चावी जाऊबाईंकडेच राहू दिली, आणि निघण्याआधी कुकरची नवी शिट्टी विकत घेऊन ती त्यांना दाखवलीसुद्धा. जाऊबाई म्हणाल्या, “जुनी माझ्याकडेच आहे गं, लाजेनं द्यायला आले नाही.”

तीन आठवडे ताई मुलीकडे राहिल्या. तिकडे माहेर एकदा खरंच पडलं, विजेमुळे, भर गर्दीत. ते ताईंना परत आल्यावर कळलं. एकवीस दिवसांत हो-ताईचा फोन यजमानांच्या फोनवर एकदाच आला, आणि त्यानं एकच गोष्ट विचारली. मुलगा की मुलगी?