सहीआधी नव्वद किलो

चार वाजता संघाची यादी जिल्ह्याच्या कचेरीत पोचायची होती, आणि पावणेतीन वाजून गेले तरी आयझेलच्या नावापुढे पालकाची सही नव्हती. खेळाच्या शिक्षिका पुरिताबाई शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये येरझाऱ्या घालत होत्या. आयझेल ही त्यांच्या सॉफ्टबॉल संघाची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. विभागीय स्पर्धेला मनिलाच्या विद्यापीठाची माणसं मुली हेरायला येणार होती. जिला निवडतील तिचं शिक्षण, राहणं, जेवण सगळं फुकट. आयझेलला ते नक्की निवडतील, याबद्दल बाईंना तिळमात्र शंका नव्हती. यादीतून नाव गळलं, तर पोरगी पुढच्या तोडणीला आईबरोबर उसाच्या फडात उभी राहणार, हेही उसाच्या मळ्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

घोडं अडलं होतं शेडमधल्या वजनांपाशी. साखर कारखान्याच्या भंगारातला एक लोखंडी दांडा आणि सिमेंट ओतून भरलेले रंगाचे डबे, एवढीच बाईंची व्यायामशाळा. हेडमास्तर तिला भंगाराचं दुकान म्हणत. रविवारी आयझेलची आई फेलिसा डबा द्यायला आली, तेव्हा पोरीने नव्वद किलो जमिनीवरून उचललेले तिने पाहिले आणि डबा तसाच घेऊन परत गेली. बाईच्या जातीने एवढं उचललं की अंग, म्हणजे गर्भाशय, खाली उतरतं, असं तिचं म्हणणं. मळ्याची सुईण तोनिंग आजी पोट बघेल, मगच सही करीन, असा तिने निरोप धाडला. आजीने एकदा नाही म्हटलं की मळ्यात त्यावर अपील नसतं.

निरोप आला त्या दिवशी पुरिताबाईंनी शिक्षकांच्या खोलीत फेलिसाला अडाणी म्हटलं होतं. बाईंची जीभ तिखट, आणि या विषयावर तर फारच. एकोणीस वर्षांच्या असताना त्याही पिचर होत्या. अंगाने काडी, पण हात विजेचा. हात खालून फिरवून फेकलेल्या चेंडूने खांद्याला काही होत नाही, असं तेव्हाचे मास्तर छातीठोकपणे सांगायचे. दोन दिवसांत पाच सामन्यांचे चेंडू मास्तरांनी त्यांच्या एकटीकडून टाकून घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंना कंगवा वर नेता आला नाही. पाय आणि पाठ कच्ची, म्हणून सगळा भार एकट्या खांद्याने ओढला, हे त्यांना कळायला पुढे दहा वर्षं गेली. वेणी त्या सकाळपासून डाव्या हाताने, आणि हे कळल्यापासून मुलींच्या मागे वजनांचा लकडा.

सव्वातीनला तिघी आल्या. आजी पुढे, फेलिसा मागे, आणि मान खाली घातलेली आयझेल.

"झोप बाकावर," आजी म्हणाली. तिने हाताला खोबरेल लावलं आणि पोरीच्या ओटीपोटावर बोटं रोवली. "हलू नकोस."

"गुदगुल्या होतात, आजी."

"लग्न झालं की होणार नाहीत. गप पड."

आजीची बोटं घाई करीनात. बाईंची नजर घड्याळावरून हलेना.

"जागेवर आहे," आजी शेवटी म्हणाली.

"आज आहे," फेलिसा म्हणाली. "उद्याचं काय?"

आजीने हात पुसले. "उचलून दाखव गं पोरी. बघू तरी काय करता ते."

आयझेल दांड्याशी उभी राहिली. "घाई नको," बाई म्हणाल्या. "श्वास भर. दांडा नडगीला धरून. पायांनी जमीन ढकल." दांडा हलला, गुडघ्याशी आला, आणि पोरगी सरळ उभी राहिली. आजी वजनाकडे बघतच नव्हती. ती पोरीच्या कमरेकडे बघत होती.

"पहिल्या दिवशी रिकामा दांडा दिला होता," बाई म्हणाल्या. "इथवर यायला दोन वर्षं लागली."

"फेलिसा," आजी म्हणाली, "ही सात महिन्यांची पोटात होती, तेव्हा तू मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचीस. तेव्हा कुणी मला पोट बघायला बोलावलं नाही."

"म्हणून तर सांगते." फेलिसाने कुणाकडेच पाहिलं नाही. "माझं उतरलंय, आजी. सहा वर्षं झाली. फडकं बांधून कामाला जाते."

आयझेलने दांडा खाली ठेवला.

"आणि मला सांगितलं नाहीस?" आजी म्हणाली.

"तू पडून राहा म्हणाली असतीस. चूल कोण पेटवणार होतं?" मग ती बाईंकडे वळली. "हिला रिकामा दांडा दिलात म्हणता. मला मुकादमाने पहिल्याच दिवशी चाळीस किलोची मोळी दिली. पंधराची होते मी. श्वास कधी घ्यायचा तेही कुणी शिकवलं नाही. खरं सांगा बाई, हिचं माझ्यासारखं होणार नाही ना?"

बाईंनी आठवडाभर भाषण घोकलं होतं. ते त्यांनी आता सोडून दिलं. फेलिसाला अडाणी म्हटल्याचं आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शपथ नाही घेत," त्या म्हणाल्या. "पण जड वाटलं, दुखलं, तर ती मला सांगेल आणि मी वजन उतरवीन."

"मुकादम उतरवत नाही," फेलिसा म्हणाली आणि यादीच्या कागदासाठी हात पुढे केला. तिने एकेक अक्षर जपून काढलं. साडेतीन होऊन गेले होते.

"पळ आयझेल. नाक्यावरून रिक्षा घे."

पोरगी जागची हलेना. "मी नाही जात. आई अशी असताना मी मनिलाला जाऊ?"

"राहून काय करशील?" फेलिसा म्हणाली. "माझ्याच मोळ्या उचलशील ना? जा."

आयझेलने कागद घेतला. फाटकापर्यंत ती चालत गेली, मग धावली.

आजी तेलाची बाटली बंद करत बसली. पुरिताबाई बाकावर फेलिसाच्या शेजारी टेकल्या. "सोमवारी बाकोलोद शहरात मोठ्या दवाखान्यात जाऊ," त्या म्हणाल्या. "मी रजा काढते. मी येते तुझ्याबरोबर."

"सोमवारी ट्रक भरायचे आहेत, बाई," फेलिसा म्हणाली, आणि कमरेचं फडकं आवळत उठली.