बेटेगावच्या चौकातला आठवा बोंबील

मी चौथी शिकलेली बाई. भूत, भानामती, अंगात येणं, यातलं मी काहीच मानलं नाही. आमच्या मुरबे गावात कुणाच्या अंगात आलं की मी उठून घरी यायची. तुमच्या या पानावरचे भुताखेतांचे अनुभव नात वाचून दाखवते, तेव्हा अर्धे मला खोटेच वाटतात. माझाही खोटा वाटला तर वाटू दे... घडलं ते लिहिते.

दोन वर्षांपूर्वी मुलाने मला बोईसरला फ्लॅटवर आणलं. मुलगा-सून कामावर, नात कॉलेजात. दिवसभर मी आणि फ्रीजचा आवाज. मग दुपारी रिक्षा करून बेटेगावच्या नव्या चौकात जाऊन बसायची. तिथे स्टीलचे बोंबील उभारलेत — एकेक दुमजली घराएवढा, जाड लोखंडी दोरावर टांगलेला. लोक खाली उभे राहून फोटो काढतात.

मी पहिल्याच दिवशी मोजले. सात! बोंबील सात कसे असतील? आम्ही ओले बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबू रोवून बांधलेल्या दोरीवर सुकवतो, ते जोडीनेच. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. इथे तीन जोड्या बरोबर होत्या आणि सातवा एकटा, तारेने बांधलेला. मी रोज त्याच्याशी बोलायची. तिथला माळी एकदा म्हणाला,

"अम्मा, रोज किसको डाँटती हो?"

"मच्छी को. अकेली टांगी है, गलत है."

"तो उतार लो," म्हणाला आणि हसत पाण्याचा पाइप ओढत गेला.

माझी धाकटी जाव हिरा. चाळीस वर्षं आम्ही दोघींनी एकाच वलांडीवर बोंबील टांगले — दोरीच्या त्या टोकापासून ती, या टोकापासून मी, मध्ये भेटायचं. हिरा डावरी. तिच्या डाव्या हाताने जोडीत मुरड पडायची, एक बोंबील दुसऱ्याकडे पाठ करायचा. सासू ओरडायची, "हिरे, तुझा बोंबील रुसला बघ!" ती म्हणायची, "रुसू दे, सुकतोय ना?"

दिवाळीनंतर तिचा फोन आला.

"बाय, वलांडी बांधली. कवा येतेस?"

"रविवारी."

"मागल्या रविवारी पण हेच बोललीस. एकटीचा हात पुरत नाय गो."

"पोराला सुट्टी नाय, हिरे."

"पोराला टांगायचाय काय बोंबील?"

मुरबे बोईसरहून रिक्षाने अर्ध्या तासावर. मी गेले नाही. कारण काही नव्हतं, आळस होता. त्याच आठवड्यात हिरा वलांडीखाली पडली, ती उठली नाही. मी पोचले तेव्हा तिच्या टोकाची अर्धी दोरी भरली होती. माझ्याकडची रिकामी.

तेराव्यानंतर बोईसरला परतले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास चौकात गेले. लख्ख ऊन. बघते तर सातव्याच्या जबड्यात आठवा. तार कुठेच नाही. आणि आठव्याने सातव्याकडे पाठ केलेली.

माळ्याला विचारलं, "क्रेन कधी आली?"

"कैसी क्रेन, अम्मा? आठ ही तो हैं. शुरू से."

"सात होते."

"धूप में मत बैठो."

संध्याकाळी मुलाने फोनमधला चौकातला जुना फोटो शोधून दाखवला. मला इथे आणलं त्या महिन्यातला, मी पुढे उभी. मागे आठ बोंबील... शेवटच्या जोडीत मुरड.

"आई, तू मोजण्यात चुकलीस."

मोजण्यात? मी जन्मभर मासळी मोजली. बरं, चुकले म्हणा. मग इतके दिवस मी कुठल्या तारेवरून भांडत होते? आणि तशी जोडी टांगणारी मुरब्यात एकच बाई होती, तिने हा चौक कधी पाहिला नव्हता. नात म्हणते धक्क्याने असं होतं. मुलगा म्हणतो डोळे तपासू. तपासले. चष्म्याचा नंबरही तोच आहे. बाकी मला काही कळत नाही, कुणाला कळलं तर सांगा.

त्या रविवारी मुलाला न विचारता मुरब्याला गेले. हिराची दोरी तशीच होती, बोंबील सुकून कडक. शेजारणीकडून टोपलीभर ओले घेतले आणि माझ्या टोकापासून टांगत गेले. मध्यावर पोचले. तिथे कुणी नव्हतं. शेवटच्या जोडीला डाव्या हाताने मुद्दाम मुरड घातली. दोन वेळा निसटली, तिसऱ्यांदा बसली.

ओरडायला सासू नव्हती. मीच म्हणाले, "हिरे, रुसला बघ." आणि टोपली धुवायला घेतली.