भिंतीवरचे दहा पुठ्ठे

मोठा मॉनिटर घ्यायचा, तर भरवसा कुणावर ठेवाल? रिव्ह्यूवर, सेल्समनवर, की स्वतःच्या डोळ्यांवर? मी म्हणतो, पुठ्ठ्यावर!

इंग्लंडात, लेस्टरमधल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात रिकामी खोकी आणि किस्से सारखेच साठत जातात. कॉम्प्युटरचा कोर्स मी कधी केला नाही. शिकलो ते गिऱ्हाइकांकडून आणि मेजरिंग टेपकडून. खोकी फाडून मी स्क्रीनच्या मापाचे पुठ्ठे कापतो. गिऱ्हाइकाला सांगतो, "तीन दिवस डेस्कवर उभा करा. पटलं तर या."

माझी भागीदार म्हणजे माझीच मुलगी केतकी. जन्म इथलाच. ती भडकली. "बाबा, लोक फ्री माप घेणार आणि ऑनलाइन ऑर्डर करणार! शॉप बंद करू, वेबसाइट इनफ आहे."

शेवटी तिनं अट घातली. दिवाळीपर्यंत दहा पुठ्ठे द्यायचे. त्यांतून सहा मॉनिटर खपले तर दुकान राहील, नाहीतर शटर खाली! "आणि डिस्काउंट देऊन विकलेला मी काउंट नाही करणार हं!"

प्रत्येक विक्रीला फळ्यावर एक रेघ. मार्कर तिच्याच हातात.

*

पहिला पुठ्ठा डॉक्टर मुळ्यांनी नेला. सगळ्यांत मोठा, एकोणपन्नास इंची. चौथ्या दिवशी हात हलवत आले.

"पुठ्ठा कुठंय?"

"बायकोनं त्यावर मुलांचं टाइमटेबल, कचऱ्याच्या बिन कलेक्शनचे वार, सगळं चिकटवलंय. म्हणते, मॉनिटर आणा नाहीतर आणू नका, पुठ्ठा जाणार नाही!"

मॉनिटर गेला. पहिली रेघ!

*

नागपूरचा अंबरीश एका बॉक्स रूममध्ये, म्हणजे जेमतेम पलंग-टेबल मावेल अशा खोलीत, भाड्यानं राहतो. त्यालाही एकोणपन्नासच हवा होता. सकाळीच त्याचा फोन.

"काका, मी खोलीत अडकलो! पुठ्ठा डेस्कच्या बाहेर आलाय, दार उघडत नाही!"

"अरे, मग वाकव त्याला."

"हो, वाकला… पण काका, खरा मॉनिटर असता तर?"

"म्हणून तर पुठ्ठा दिला, राजा!"

चौतीस इंची घेऊन गेला. दुसरी रेघ.

*

सबनीस अकाउंटंट. त्यांनी पुठ्ठा नेला आणि मॉनिटर खरंच ऑनलाइन मागवला! केतकीनं फळ्याकडे नुसतं बोट दाखवलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दोन आठवड्यांनी सबनीस दारात, सोबत ऑफिसातल्या दोन बाया. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "यांना पुठ्ठे द्या. आणि मॉनिटर इथूनच घ्या म्हणून मीच सांगितलंय."

दोघींनीही घेतले. चार रेघा!

*

शेजारच्या गल्लीतला कीथ, रिटायर्ड माणूस. पुठ्ठ्यामागे त्याची मांजर झोपायला लागली.

"मॉनिटरमागे एवढी जागा राहील ना?"

मी टेप घेऊन त्याच्या घरी गेलो आणि मांजर मोजली! पाचवी रेघ.

*

पुढचे तीन पुठ्ठे गेले ते गेलेच. दिवाळीच्या आदल्या दिवशी फळ्यावर पाच रेघा, भिंतीला एक पुठ्ठा. मी मनातल्या मनात दुकान आवरायला घेतलं होतं.

संध्याकाळी केतकी आली, चेहरा उतरलेला. नव्या पोटमाळ्यावरच्या फ्लॅटसाठी तिनं गुपचूप ऑनलाइन भलामोठा मॉनिटर मागवला होता.

"बाबा, फिट नाही होत. सीलिंग स्लोप आहे ना… परत पाठवला."

तिनं स्वतःच भिंतीवरचा दहावा पुठ्ठा काढला आणि गाडीत टाकला.

दिवाळीच्या सकाळी, दुकान उघडायच्या आधीच, ती दारात उभी. "चौतीसचा द्या. बसतो." मग हळूच, "बाबा, डिस्काउंट?"

"देतो की. पण मग रेघ नाही. नियम तुझाच!"

ती फळ्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. पर्समधून कार्ड काढलं, मशीनला लावलं. पूर्ण किंमत!

मी मार्कर तिच्या हातात दिला.

"आता बाई, हिशोब प्रामाणिकपणे ठेव!"