ओवीच्या आईची भाषा

लातूरच्या स्टँडवर बाबांनी माझी बॅग गाडीत चढवली आणि खाली उतरून ते खिडकीशी उभे राहिले. एसटी सुटेपर्यंत एकच सांगत होते, "तिकडं गेल्यावर नीट बोल बाई. आपल्यावानी बोललीस की लोक हसतील." आई पदर तोंडाशी धरून नुसती माझ्याकडे बघत राहिली.

ठाण्यात बाळकुमला मावशीकडे राहून मी शिकले. 'काय करायलीस?' म्हटलं की मैत्रिणी हसायच्या. वाईट नव्हत्या बिचाऱ्या, पण हसायच्या. वर्षभरात मीही 'मी गेलेले, मी आलेले' म्हणायला लागले. बाबा खूश झाले. आई मात्र फोनवर बिचकून बोलायची, बँकेतल्या मॅडमशी बोलावं तशी. आई, ते मला तेव्हा लागायचं आणि अजूनही लागतं.

आता मी डोंबिवलीत, मानपाड्याच्या एका सेंटरमध्ये स्पीच थेरपिस्ट आहे. मी मुलांना बोलायला शिकवते, असं तू आणि बाबा गावात सांगता. पण माझ्याकडच्या कितीतरी मुलांच्या तोंडून शब्द कधी येईल की नाही, मलाही ठाऊक नाही. हवं-नको सांगता यावं, बोटानं, चित्रानं, कसंही, एवढ्यासाठी सगळी धडपड. आम्ही खाऊ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि मूल मागेपर्यंत थांबतो. हे थांबणं आयांना जमत नाही. लेकरानं तोंड वाकडं करायच्या आत त्यांनी डबा उघडलेला असतो.

ओवी पाच वर्षांची आहे, तिला ऑटिझम आहे. तिची आई वंदना मालवणकडची, वडील एमआयडीसीत कामाला. पहिल्याच दिवशी वंदना म्हणाली, "मॅडम, हिला काय पाहिजे ते फक्त मला कळतं. उद्या मी नसले तर हिने कोणाकडे बघायचं?"

घरी ओवीशी काय बोलता, असं मी वंदनाला विचारलं, तेव्हा हळूहळू कळलं. ओवीच्या आधीच्या शाळेत कोणीतरी सांगितलं होतं, मुलीचा गोंधळ होतो, घरात फक्त इंग्लिश बोला. वंदनाला येत होतं 'कम', 'सिट', 'ईट', 'नो'. तेव्हापासून ती पोटच्या पोरीशी एवढंच बोलत होती. चूक व्हायला नको म्हणून बाकी वेळ तोंड मिटून बसायची. ऐकताना माझं डोकंच तापलं.

"तुम्ही तुमच्या भाषेत बोला," मी म्हटलं. "त्यानं काहीही बिघडत नाही."

तिने शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "बोल गो."

ओवी कोपऱ्यात खेळण्यातलं झाकण फिरवत बसली होती. वंदनाने भातुकलीचं पातेलं पुढ्यात ओढलं आणि अगदी दबक्या आवाजात सुरू केलं, "खंय गेलां माझां चेडू? भूक लागली गो? पेज खातलंस मां?" माझी पोर कुठं गेली, पेज खाशील ना, असं विचारत होती. मग तिचा आवाज सुटला. पेज, सुकट, माहेरची विहीर, कायकाय सांगत सुटली. झाकण फिरायचं थांबलं. ओवी सरकत सरकत येऊन आईच्या मांडीला टेकली.

बोलता बोलता वंदना डोळे पुसायला थांबली. मी तिला हातानेच खुणावलं, थांबा, काही करू नका. ओवीने आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग इवलासा तळवा तिच्या ओठांवर ठेवला आणि हलवला.

"ही काय करते, मॅडम?" वडिलांनी विचारलं.

"मागतेय," मी म्हटलं. "आईने आणखी बोलावं, असं सांगतेय."

त्यानंतर खोलीत आम्ही तिघंही मोठी माणसं रडत होतो. मी रडायला नको होतं, पण रडले.

शब्द अजून आलेला नाही. वंदनाच्या त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तरही आलेलं नाही. पण परवा ओवीने तसाच हात वडिलांच्या ओठांवर ठेवला, आणि मागच्या आठवड्यात माझ्या. गाव सोडून आलेल्या आपल्यासारख्यांना लोक विचारतात, तुमचं घर कुठलं? जिथे आपलं बोलणं कुणाला हवं असतं ते, असं मला आता वाटतं. आम्ही रडलो त्या दिवशी वंदना निघताना दारात चप्पल घालताना म्हणाली, "मॅडम, आता मी घरात गप रवचंय नाय."